एका रात्रीचा मुक्काम

(कोल्हापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

या शिबिरात मला 'स्त्रिया आणि परदेशगमन' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय तसा मोठा आहे. पण मी आजचं बोलणं एका रात्रीपुरतंच ठेवणार आहे. परदेशी निघालेल्या बाईला गाव सोडल्यावर आणि विमानात बसण्याआधी मुंबईत जी रात्र काढावी लागते, त्या रात्रीबद्दल मी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? माझ्यावर वेळ येईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

काही वर्षांपूर्वी मला दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी नेदरलँड्सला जायची संधी मिळाली. शिष्यवृत्ती होती, म्हणून जाता आलं. विमान मुंबईहून, रात्री दोनच्या पुढे. महिना ऑगस्टचा. आता ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून निघायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये मुंबईहून इकडे येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी होड्यांनी बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच आपलं गावच पाण्यात गेलं आणि हायवे कित्येक दिवस बंद राहिला. त्यामुळे मी ठरवलं, एक दिवस आधी निघायचं. रात्री महालक्ष्मीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, एक रात्र मुक्काम करायचा आणि दुसऱ्या रात्री विमानतळ गाठायचा.

घरात हे सांगितल्यावर जी चर्चा झाली ती मोठी गमतीची होती. सासूबाई म्हणाल्या, "तिकडची काळजी नाही गं, तिथं कॉलेजची माणसं न्यायला येणार म्हणालीस. पण मुंबईत एकटी कुठं उतरणार तू?" धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मी येतो सोडायला." म्हणजे त्यांनी दोन दिवस रजा टाकायची, येण्याजाण्याचं भाडं भरायचं, आणि मला एका खोलीपर्यंत पोहोचवून परत यायचं. शेजारच्या काकूंनी तर डोंबिवलीच्या आपल्या भाचीचा पत्ताच लिहून आणला. सात हजार किलोमीटरवरच्या परक्या देशात मी दहा महिने एकटी राहणार, याची कोणालाच धास्ती नव्हती. सगळ्यांची धास्ती मुंबईतल्या एका रात्रीची होती.

मला हसू आलं होतं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहाबारा वर्षं वस्त्यांमधून काम केलेली, मारहाण झालेल्या बायांबरोबर रात्रीबेरात्री पोलीस ठाण्यात बसलेली. मला कोण अडवणार, असा माझा समज होता.

मुंबईत स्टेशनजवळच्या एका लॉजवर मी आधी फोन करून खोली सांगून ठेवली होती. सकाळी साडेआठला दोन बॅगा ओढत तिथे गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

म्हटलं, "कोणी नाही. मी एकटीच."

"सिंगल लेडीजला आम्ही रूम देत नाही, मॅडम."

"का?"

"पोलिसांचा नियम आहे."

"लेखी दाखवा."

"लेखी नसतं तसलं काही. तुमच्याच सेफ्टीसाठी आहे."

माझ्याच सुरक्षिततेसाठी त्याने मला भर पावसात, अनोळखी रस्त्यावर, दोन बॅगांसह परत पाठवलं. दुसऱ्या लॉजवर तेच. तिसऱ्या ठिकाणचा माणूस जरा मऊ होता. तो म्हणाला, "मिस्टरांना फोन लावून द्या. ते हो म्हणाले तर देतो."

मैत्रिणींनो, मी तुम्हाला खरं सांगते. मी फोन लावून दिला. माझ्या पाठीला रग लागली होती, साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि बॅगेत दहा महिन्यांची कागदपत्रं होती. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "हो, माझी बायको आहे, परदेशी चालली आहे, द्या खोली." आणि किल्ली मिळाली.

खोलीत जाऊन दाराला कडी लावली आणि पलंगावर बसून राहिले. पासपोर्ट काढून बघितला. पासपोर्टसाठी मला नवऱ्याची सही लागली नव्हती. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे केले. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव चालतं, लग्नाचा दाखला जोडावा लागत नाही, आणि घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव द्यायची सक्ती राहिलेली नाही. हे सहज झालेलं नाही. एकट्या राहणाऱ्या बायांनी, एकट्या आयांनी सरकारदरबारी फार खेटे घातले आहेत. म्हणजे देश सोडायला मला नवरा लागला नाही. पण मुंबईतल्या एका खोलीच्या किल्लीसाठी नवऱ्याचा आवाज लागला.

आणि ज्या बाईला असा फोन लावायला कोणी नाही तिचं काय? आपल्याकडे येणाऱ्या परित्यक्ता, विधवा, लग्न न केलेल्या मुली, घरच्यांच्या मनाविरुद्ध निघालेल्या मुली यांनी कोणाचा आवाज ऐकवायचा? माझी गोष्ट तशी साधीच. मला खोली मिळाली, विमान मिळालं, मी जाऊन आले. म्हणून मी माझ्या गोष्टीवर थांबत नाही.

एकटी का जातेस, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हा सर्वांना माहीत आहे. पण त्या गोष्टीत आपलं कोल्हापूर किती आहे, हे आपण विसरतो. गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांची बदली इथे झाली होती. १८७८ मध्ये त्यांनी इथून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच असत. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. पुढे १८८० मध्ये न्यू जर्सीच्या कार्पेंटर बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचलं, आणि त्या ओळखीवर आनंदीबाईंना परदेशात एक घर मिळालं. म्हणजे त्यांना तिकडे मुक्कामाची जागा आधी मिळाली, कॉलेज नंतर.

निघण्यापूर्वी त्या बंगालमध्ये होत्या, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला. गोपाळरावांची नोकरी तिथे होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी श्रीरामपूर कॉलेजात जाहीर भाषण केलं. वय अठरासुद्धा पूर्ण नव्हतं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी एकेक करून भाषणात घेतले. अमेरिकेला का जाते, इथे शिकायची सोय नाही का, परत आल्यावर वाळीत टाकलं तर काय, आणि त्यातच एक प्रश्न होता, एकटी का जाते? त्याचं त्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात कुठलाही आव नाही. दोघांनी मिळून जायचा विचार होता, पण पैसे नाहीत आणि घरची वडीलधारी माणसं गोपाळरावांच्या आधारावर आहेत, म्हणून एकटी जाते. मुंबईत शाळेला जाताना रस्त्यावरचे लोक कसे हसत, कसे खडे मारत, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. बोटीवर सोबतीला मिशनरी बाई होती, घरचं कोणी नव्हतं. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि त्यांना नेमणूक मिळाली ती आपल्या इथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, ज्याला आज आपण सी.पी.आर. म्हणतो. पण त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. सी.पी.आर.मध्ये आपण बायांना घेऊन नेहमी जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा आठवा, की एकटी का जातेस या प्रश्नाला जाहीर उत्तर देऊन गेलेली एक मुलगी तिथे डॉक्टर म्हणून येणार होती.

त्या भाषणाला एकशेचाळीस वर्षं उलटून गेली. प्रश्न तोच आहे. फक्त तो आता कॉलेजच्या सभागृहात विचारत नाहीत, लॉजच्या काउंटरवर विचारतात.

कोणी म्हणेल, एवढा त्रास कशाला? नातेवाईक असतात ना. आहेत, आणि ते प्रेमाने करतात. पण जरा आत बघा. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत मी गेले असते तर माझं कोणी केलं असतं? त्या भाचीने. ती सकाळची लोकल पकडून नोकरीला जाणारी. तिने पहाटे उठून माझ्यासाठी पोळ्या लाटल्या असत्या, मुलांना बाहेरच्या खोलीत झोपवलं असतं, आणि रात्री मी निघेपर्यंत जागली असती. एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या फुकट श्रमावर करायची, आणि त्याला आपली संस्कृती म्हणायचं. शिवाय नातेवाइकांच्या घरी हजेरी द्यावी लागते. कुठे चाललीस, किती दिवस, मुलांना कोण बघणार, नवऱ्याच्या जेवणाचं काय.

मला खोली मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. मी गिरगाव चौपाटीवर जाऊन बसले. भेळ घेतली. समुद्राकडे बघत दीड तास काही केलं नाही. लग्नानंतर असा दीड तास मला पहिल्यांदाच मिळाला होता, ज्यात कोणाला काही वाढायचं नव्हतं, कोणाची वाट बघायची नव्हती. पुढच्या दहा महिन्यांत मी काय शिकणार आहे, मला ते खरंच हवं आहे का, याचा विचार मी तिथे पहिल्यांदा शांतपणे केला. पुरुष कामासाठी मुंबईला जातात तेव्हा हा वेळ त्यांना आपोआप मिळतो. बाईलाही तो हवा असतो, आणि तो मागण्यात चैन नाही.

आता दुसऱ्या बाईची गोष्ट. तिचं नाव-गाव मी सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातली, सातवीपर्यंत शिकलेली, दोन मुलं, नवरा दारूत गेलेला. आखातात घरकामाला पाठवतो म्हणून एका एजंटाने तिला मुंबईला नेलं. "दोन दिवसांत विमान आहे" म्हणाला. उपनगरातल्या एका खोलीत आणखी सहा बायांबरोबर तिला नऊ दिवस ठेवलं. पासपोर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला. बाहेर जायचं नाही, का तर "मुंबई वाईट आहे, एकट्या बाईने फिरू नये." व्हिसा निघाला होता तो कामाचा नव्हे, फिरायला जाणाऱ्याचा. दहाव्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून तिने आमच्या कार्यकर्तीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, इथनं स्टेशनला जायचा रस्ता कुठला?"

तिला रस्ताही माहीत नव्हता, कारण तिला मुंबई कोणी बघूच दिली नव्हती. आम्ही पोलिसांची मदत घेऊन तिला परत आणलं. बाकीच्या सहाजणींपैकी दोघी आल्या. चौघी आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, कर्ज काढून आलोय, परत जाऊन काय खायचं?

या चौघींचा विचार मी अजून करते. त्या मूर्ख नव्हत्या. दहावी न झालेल्या माणसाला काही ठराविक देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते, ही १९८३ च्या उत्प्रवास कायद्याची व्यवस्था. त्या कायद्याखाली सरकारने बायांसाठी जादा आदेश काढले. तीस वर्षांखालच्या बाईला मंजुरी द्यायची नाही. २०१६ मध्ये आणखी ठरवलं, की अशा बायांची भरती फक्त सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. हेतू चांगला होता, फसवणूक खरीच होत होती. पण आपल्या तालुक्यातल्या बाईला ती सरकारी संस्था कुठे आहे हे कोण सांगणार? तिच्या दारात एजंट येतो. तो म्हणतो, कामाचा व्हिसा बायांना देत नाहीत, आपण फिरायचा काढू. सरळ दार बंद असलं की बाई मागच्या दाराने जाते, आणि मागच्या दाराने गेलेल्या बाईला तक्रार करायलाही जागा राहत नाही.

मला त्या लॉजच्या माणसाचं वाक्य आठवतं. "तुमच्याच सेफ्टीसाठी." त्याने मला रस्त्यावर पाठवलं. त्याच कारणाने एजंटाने सात बायांना कोंडून ठेवलं. आणि त्याच कारणाने कायद्याने त्यांना एजंटाच्या हाती दिलं. बाईच्या रक्षणाचा हा प्रकार आपण नीट ओळखला पाहिजे. यात धोका निर्माण करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. बाईलाच आत किंवा बाहेर ठेवून दार लावलं जातं.

तर आपण काय करायचं? मी चार गोष्टी मांडते.

पहिली, कायदा माहीत करून घ्या. संविधानाचं कलम १५, त्यातलं दुसरं उपकलम. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे मज्जाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपण समजतो हे कलम फक्त जातीसाठी आहे. त्यात लिंगही आहे. आणि कोल्हापूरच्या माणसाला हॉटेल हा समतेचा प्रश्न आहे हे वेगळं शिकवावं लागू नये. गंगाराम कांबळेंनी याच गावात चहाचं हॉटेल काढलं, आणि त्या चहाला कोणी शिवत नाही म्हटल्यावर शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे. "एकट्या बाईला खोली नाही" म्हणणाऱ्याला आपण शांतपणे सांगायचं, की हे लिहून द्या. लिहून देत नाही. मग आपण आपल्या कागदावर तारीख, वेळ, त्याचं म्हणणं लिहून तक्रार करायची. मी त्या दिवशी हे केलं नाही. दमले होते. म्हणूनच एकटीवर सोडून चालणार नाही, संघटनेने मागे उभं राहायला पाहिजे.

दुसरी गोष्ट, मुक्कामाची जागा. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी इथे पहिलं वसतिगृह काढलं आणि मग एकेका समाजासाठी काढत गेले. शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या पोराला गावात डोकं टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. ती बहुतेक वसतिगृहं मुलग्यांसाठी होती. बायांसाठी तोच विचार आपण पुढे न्यायचा. मुंबईत वाय.डब्ल्यू.सी.ए.सारख्या संस्थांच्या जागा आहेत, पण त्या मोजक्या आहेत आणि दर सगळ्यांना परवडत नाहीत. रेल्वेच्या विश्रामकक्षात खोली मिळते, पण पक्कं झालेलं तिकीट लागतं, हे आधी माहीत पाहिजे. प्रत्येक मोठ्या एस.टी. स्टँडजवळ आणि स्टेशनजवळ बायांसाठी स्वस्त, रात्रीही उघडं असणारं मुक्कामाचं ठिकाण असावं, ही मागणी आपण ठरावात घ्यावी असं मी सुचवते.

तिसरी, आपली आपली यादी. आज इथे वीस-बावीस गटांच्या बाया आहेत. कोणत्या गावात एकट्या बाईला विनाप्रश्न खोली मिळते, दर काय, हे आपण एका वहीत लिहायला सुरुवात करू. आणि जिथे मैत्रिणीच्या घरी उतरायचं तिथे आपलं अंथरूण, आपला डबा आणि थोडे पैसे घेऊन जायचं, म्हणजे तिच्यावर भार पडणार नाही.

चौथी, परदेशी निघालेल्या प्रत्येक बाईला आपण निघण्यापूर्वी तासभर बसवून काही गोष्टी सांगायच्या. पासपोर्ट आपल्याजवळ ठेवायचा. तो सरकारच्या मालकीचा असतो, एजंटाला तो अडकवून ठेवायचा अधिकार नाही. पासपोर्टची, व्हिसाची आणि कराराची एकेक प्रत घरी आणि एक संघटनेकडे. व्हिसा कामाचा आहे की फिरायचा, हे कोणाकडून तरी वाचून घ्यायचं. रात्री बारानंतरचं विमान असेल तर तारीख नीट बघायची. तिकिटावर चौदा तारखेचे दोन वाजले असतील तर तेरा तारखेच्या रात्रीच विमानतळावर जायचं असतं. यात शिकल्यासवरलेल्यांचीही विमानं चुकली आहेत. ११२ आणि १८१ हे दोन नंबर पाठ असावेत. आणि मुंबईत उतरल्यावर पहिलं काम म्हणजे थोडं चालून यायचं. स्टेशन कुठे, पोलीस चौकी कुठे, चहाची टपरी कुठे. आपण जिथे आहोत तिथून बाहेर पडायचा रस्ता आपल्याला माहीत पाहिजे.

परत आले तेव्हाही विमान रात्रीच उतरलं. या वेळी एका मैत्रिणीने सांगितलेल्या महिला वसतिगृहात मी आधीच पैसे भरून जागा ठेवली होती. दारावरच्या बाईंनी पासपोर्ट बघितला, वहीत नाव लिहिलं, सही घेतली आणि विचारलं, "जेवलात का?" बाकी काही विचारलं नाही. त्या वसतिगृहाचा पत्ता आपल्या वहीत पहिला लिहिला आहे. वही मागच्या टेबलावर आहे. जाताना प्रत्येकीने तुम्हाला माहीत असलेला एक तरी पत्ता त्यात लिहून जा.